सशाच्या रक्तातलं औषध

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागामागं पत्र्याची शेड होती. तिच्यात सहा ससे होते, आणि ते सांभाळणं ही माझी पहिली नोकरी. तामलवाडीच्या आमच्या वस्तीतून बी.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी. उस्मानाबादला प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, तेव्हा ऐंशीनंतरचा तो लांबलेला दुष्काळ सुरू झाला होता.

विभागातले एक सर शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेसाठी काम करायचे. मज्जातंतूंना वाढायला लावणारं एक प्रथिन असतं. त्या काळी ते उंदरांच्या लाळग्रंथीतून काढत. ते मेंदूत नेमकं कुठं सापडतं, हे त्या लोकांना शोधायचं होतं. त्यासाठी तेवढंच प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी प्रतिपिंडं हवी होती. ती आम्ही सशांकडून करून घ्यायचो. प्रथिन तेलात घोटून सशाच्या पाठीत कातडीखाली टोचायचं. त्याचं शरीर त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करायचं. काही आठवड्यांनी कानाच्या शिरेतून रक्त काढायचं, गोठू द्यायचं आणि वर सुटणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, बाटलीत भरून थंड ठेवायचं. टोचलेल्या जागी गळवं व्हायची. ससे ओरडत नसत, नुसते मागचे पाय आपटायचे.

टँकरच्या रांगेत मी सशांसाठी घागर लावायची. एकदा एका बाईनं विचारलं, "कुणासाठी नेतीस गं?" मी खरं सांगितलं. तिनं आपली घागर माझ्या घागरीपासून लांब सरकवली. उन्हाळ्यात एकाच दुपारी दोन ससे उष्म्यानं मेले. वीज सारखी जायची, म्हणून सीरमच्या बाटल्या सर सहकारी दूध संघाच्या शीतगृहात नेऊन ठेवायचे. जनावरं बाजारात गेली होती, दूध येत नव्हतं, तिथं जागाच जागा होती.

माझ्या वडिलांना, आबांना, रगतपिती, म्हणजे महारोग, झाली होती. पांढऱ्या गोळ्यांनी रोग थांबला, पण दोन्ही तळवे बधिर झाले ते झालेच. तरी ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मुकादमाला कळू नये म्हणून हाताला फडकी गुंडाळायचे. कॉलेजात हे कुणाला माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं.

एका सुट्टीत घरी गेले असताना मी त्यांना प्रयोगशाळेतलं काम समजावून सांगत होते. ते भाकरी खायचे थांबले.

"मंजी मेलेली नस पुन्ना उगवती?"

"तसं न्हाय आबा. पिल्लाच्या नसा काचेच्या बशीत ठेवल्या अन् ते घातलं, तर त्यांना धुमारे फुटतात."

"अन् ते तुमी सशात बनवता?"

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. आम्ही बनवत होतो ते त्या प्रथिनाला धरून ठेवणारं, त्याचं काम थांबवणारं होतं. असं सीरम उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचलं तर त्यांच्या काही नसा वाळून जातात, हे सरांनी मला शिकवलं होतं. पण आबा आपले हात उलटेपालटे करून बघत होते.

"बघू," मी म्हणाले.

त्यांनी दोन महिने वाट बघितली. मग एका दुपारी धुतलेलं धोतर नेसून ते थेट विभागात आले. शिपाई होता, दोन प्राध्यापक होते. सगळ्यांसमोर त्यांनी फडकी सोडली आणि हात सरांपुढं धरले.

"सायेब, लेक म्हनली तुमच्याकडं औषध हाय. सशाच्या रक्तातलं. म्या काय मागत न्हाय, एक सुई टोचून बघा."

सरांनी त्यांना खुर्ची दिली. डोळे मिटायला सांगून बोटांवरून कापूस फिरवला. "कळतंय का?"

"न्हाय."

सरांनी हात तसाच धरून सगळं सावकाश सांगितलं, मी लपवलं होतं तसं काही न लपवता. "तुम्ही म्हणता ते औषध आमच्याकडं नाही. हे टोचलं तर नुकसानच होईल."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

ते उठले, रामराम करून निघाले. त्यांना स्टँडपर्यंत सोडायला मी गेले नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी मान खाली घालून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझा पाण्याचा पेला वेगळा झाला. सर शिपायावर चिडले, त्यानं फरक पडला नाही. पुढं आमच्या सीरमबद्दल शहरातून पत्र आलं. ते नको त्या प्रथिनांनाही चिकटत होतं. रंगाची खूण जोडून ते मेंदूच्या कापाला लावलं की सगळाच काप रंगायचा, कुठं काय ते कळायचंच नाही. मुळात टोचलेलं प्रथिनच शुद्ध नव्हतं. काम बंद झालं आणि उरलेले ससे सरांनी वाटून टाकले.

त्याच हंगामात खडीची एक कपची आबांच्या तळव्यात घुसली. त्यांना कळलं नाही. वास यायला लागला तेव्हा मायनं फडकं सोडलं. सरकारी दवाखान्यात दोन बोटं काढली. मी उशाशी बसून सवयीनं विचारलं, "दुखतंय का?"

ते हसल्यासारखं करून म्हणाले, "दुखलं असतं तर बोटं ऱ्हायली असती, बाई."

मी माफी मागणार होते. शब्द जुळवत होते तेवढ्यात नर्स आली, आणि ते राहिलंच.

आबांना परत कामावर घेणार नव्हते. मी आई-वडिलांना माझ्या खोलीवर आणलं. आठ दिवसांत घरमालकानं खोली सोडायला सांगितली. दुसरी मिळेना. शेवटी गावाबाहेर वीटभट्टीजवळ पत्र्याची एक खोली मिळाली, तिथं आम्ही तिघं राहायला गेलो. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी आबांचे हात-पाय नखापासून मनगटापर्यंत, घोट्यापर्यंत तपासायची, कुठं काही लागलंय का. ते वर आढ्याकडं बघत बसायचे.