कप्तानाचे पाय

गोमारकाकांना चित्रात पाय काढता येत नाहीत, हे आमच्या लियर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांच्या चित्रकथेतला नावाडी कप्तान स्मौट वर्षानुवर्षं पेपरात रोज तीन चौकटींत यायचा. पण कधी गुडघाभर गवतात, कधी धुक्यात, कधी पिंपामागे. स्वतःच्या लग्नात नाचला, तोही टेबलापलीकडे.

साफ खोटं! सुरुवातीला काका पाय काढायचे, बुटांच्या नाड्यांसकट. पण ऐनवेळी गाद्यांची जाहिरात आली, की पेपरातला पान लावणारा चित्र खालून कापून टाकायचा. लुटगार्डकाकू अजून सांगते, "सकाळी पेपर उघडून बोंबलायचा, आज परत लंगडा केला माझ्या माणसाला!" मग काका शहाणे झाले. खाली गवत, धुकं, पाणी. घे, काप किती कापतोस.

काका ब्रश बनवणाऱ्याचे चिरंजीव. शाळेत फळ्यावर पाद्रीबाबांचं नाक काढलं म्हणून कोपऱ्यात उभे राहिले. कोपऱ्यातून ते नाक आणखी छान दिसलं. पुढे पेपरात, दुसऱ्यांच्या चित्रांतल्या संवादाच्या फुग्यांमध्ये अक्षरं भरायचं काम मिळालं. एकदा चित्रकार आजारी पडला, जागा रिकामी राहिली, आणि काकांनी तिथे कप्तान घुसवला. तो निघालाच नाही.

यंदा नगरपालिकेने नदीकाठची एक अख्खी भिंत कप्तानाला देऊ केली. तिथल्या बाई काकांना म्हणाल्या, "स्ताउकसाहेब, डोक्यापासून पायापर्यंत हवा हं. नाहीतर भिंत अँटवर्पच्या त्या मांजरं रंगवणाऱ्या मुलीला."

काकांची झोप उडाली. काकू म्हणाली, "हाताची सवयच गेलीये गं. काढतो आणि फाडतो. कप्तानाला भिंत नाही मिळाली, तर हा माणूस घराबाहेर पडायचा नाही."

आणि मी? मी चिप्सच्या दुकानापुढे काकांची नक्कल करत होते: डावा पाय आत वळवून, ढेरी पुढे, "कात्रीवाल्यांनो, नरकात जाल!" लोक हसत होते. मागून आवाज आला, "ढेरी कमी पडली, माकडिणी."

काका! हातात चिप्सचा कोन, मिशीला मेयोनीज.

"काका, पैज. तुम्ही त्याला पाण्यातच उभा करणार."

"आणि पाय काढले तर?"

"काढलेत तरी दिसणार कुणाला? त्या भिंतीला अख्खं गाव सायकली टेकवतं."

"मग हरलीस तर उन्हाळाभर रोज सकाळी त्या सायकली तू हटवायच्या."

"चालेल!"

दोन दिवसांनी त्यांनी घरी बोलावलं. "ती माझी चाल कर बघू. अनवाणी. सावकाश. मला नीट हसायचंय." मला काय, प्रेक्षक मिळाला! दुपारभर फेऱ्या मारल्या. काका हसत होते, मांडीवरच्या कागदावर काहीतरी खरडत होते. काकू मला गोड वड्यांवर वड्या देत होती आणि नको तितकी खूश दिसत होती.

भिंतीवरचा पडदा उघडला, तेव्हा कप्तान काठावर उभा होता, कोरडा ठणठणीत, अनवाणी. पाय दारांएवढे. डावा आत वळलेला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा हातभर लांब.

तसं बोट गावात एकाच मुलीचं आहे. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. नगरपालिकेच्या बाईंनीसुद्धा.

काकांनी मिशी पुसली. "जमली का गं नक्कल? चल, त्या लाल सायकलीपासून सुरुवात कर."