मामांचं हमीपत्र

जन्माला घालण्याआधी ब्रह्मदेवाने माझ्या मामांपुढे कागद धरला असता, तर सगळ्या अटी वाचून झाल्याशिवाय मामांनी पहिलं ट्यांहा केलंच नसतं, हे मी शपथेवर सांगतो. फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत चाळीस वर्षं दस्तऐवजांचे मसुदे केलेला हा माणूस. निवृत्त झाला, पण मसुदा काही अंगातून गेला नाही. लालबागच्या चाळीत शेजाऱ्याला शिडी द्यायची तर आधी प्रश्न, "पडलास तर जबाबदार कोण?" तो म्हणणार, "मीच की!" की लगेच, "मग लिहून दे." मामींनी केलेलं लिंबाचं लोणचं आमच्याकडे आलं, तर बरणीवर चिठ्ठी: 'ओला चमचा घातल्यास देणारा जबाबदार नाही.' गणपतीत तोरण बांधायला स्टुलावर चढलेल्याकडूनही यांनी सही घेतली होती, आणि सही होईपर्यंत तो बिचारा तोंडात खिळे धरून वर उभा! सगळी चाळ हसायची. पण बिल्डरचा कागद आला, की तीच चाळ चष्मे घेऊन मामांच्या दारात जमायची.

अशा माणसाच्या आयुष्यात करोनाची लस आली. मामींना जुना दमा. डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, "लस टाळू नका, यांच्या छातीला हा आजार झेपायचा नाही." मामी तयार होत्या. पण नेमकं त्याच आठवड्यात मामांनी पेपरात वाचलं, की परदेशी कंपन्या सरकारकडे कायद्याचं संरक्षण मागताहेत. तातडीने मंजूर झालेली लस आहे, उद्या कुणाला काही झालं तर आमच्यावर दावा लावायचा नाही. झालं! मामांचा फोन. "ऐकलंस? बनवणारा म्हणतो मी नाही. मंजुरी देणारा म्हणेल घाई होती. टोचणारी म्हणेल मला काय माहीत. मग जबाबदार कोण रे, तुझी मामी?"

मी म्हटलं, "मामा, एवढ्या घाईत कंपनीच्या मागे कोर्टकचेऱ्या लावल्या तर लस बनवणार कोण?"

"द्या की संरक्षण! मी कुठे नको म्हणतो? पण ज्याला खरंच काही झालं, त्याने कुणाचं दार वाजवायचं, तेही त्याच कागदात लिहा. एवढंच!"

आता यात चूक काय काढणार? मला तर त्यांचं पटलं, आणि तीच पंचाईत झाली.

मी दोघांना लसीकरणाच्या केंद्रावर घेऊन गेलो. मामी बाही वर करून बसल्या, आणि मामांनी पिशवीतून टाइप केलेलं हमीपत्र काढून नर्सबाईंपुढे ठेवलं: 'काही अपाय झाल्यास संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाऱ्याची.' बाईंनी ते शांतपणे वाचलं. "काका, सकाळपासून पाणी प्यायला उठले नाहीये मी. मागे लाईन बघा केवढी आहे." मामा म्हणाले, "चल गं घरी." पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कागद, पुन्हा तीच लाईन, आणि मामी पुन्हा तशाच परत. मला इतका संताप आला होता की काय सांगू!

मग एका सकाळी समोरच्या खोलीतल्या शेजाऱ्यांना ॲम्ब्युलन्सने नेलं. त्यांनीही लस आज घेऊ, उद्या घेऊ केलेलं. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. चिडल्या की मामींचं मालवणी बाहेर पडतं. "लग्नात माका कोणी लिहून दिल्यान? तरी इलंय मां तुमच्या घरात? हमी होयी तर तुमीच लिवा, नायतर मी एकटी जातंय!"

मामांचा चेहरा पडला. त्याच दुपारी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'लसीमुळे अथवा अन्य कोणत्याही कारणाने हिला काहीही त्रास झाल्यास संपूर्ण जबाबदारी माझी.' खाली सही. दुसऱ्या दिवशी दोघांनी लस घेतली. मामींना दिवसभर ताप आला, तर मामांनी कपाळावर घड्या ठेवल्या आणि पेज रांधली. पेज करपली, पण मामींनी संपवली. पुढे शेजारीही बरे होऊन घरी आले.

मामींनी मात्र तो कागद साड्यांच्या कप्प्यात जपून ठेवला, आणि सावकाश वाचून काढला. 'अन्य कोणत्याही कारणाने', आणि मुदत कुठेच नाही! तेव्हापासून गुडघा दुखला, कागद बाहेर. सर्दी झाली, कागद बाहेर. मामा मुकाट्याने तेलाची वाटी घेऊन बसतात. जन्मभर दुसऱ्यांना कागदात अडकवलं, आता घ्या!

परवा गेलो होतो. मामी आता फार थकल्यात. जिना उतरत नाहीत, चार वाक्यं बोलल्या तरी धाप लागते. मामांनी त्यांना वाफ दिली, पाठ चोळली, मग त्यांचा डोळा लागला. मला चिडवायची हुक्की आली. म्हटलं, "काय मामा, चाळीस वर्षं मसुदे केलेत, आणि घरच्याच कागदात मुदत घालायची राहिली?"

मामा हसले नाहीत. मामींच्या अंगावरची चादर त्यांनी नीट केली.

"राहिली नव्हती रे," ते हळूच म्हणाले. "पेन टेकवलं होतं मी. पण कुठली तारीख घालणार, तूच सांग."