खालच्यांची कॅसेट

आमच्या महाडात सावित्री नदीच्या काठाने वेडी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी परक्या मुलखात मेलेल्या, आणि त्या मुलखानेही सोयीस्करपणे विसरलेल्या एका संगीतकाराची बाजू घेऊन रोज संध्याकाळी पाच वाजता बसणारा माणूस तिने एकच पाहिला. तो आमच्या खाली राहतो. आमच्या घरात त्यांना 'खालचे' म्हणतात. मी वरचा, पण तो फक्त जिन्याच्या हिशोबाने.

खालचे मूळचे उमरठच्या वरच्या एका वाडीतले. तीस वर्षं त्यांनी बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळला. त्या बॉयलरच्या कसल्याशा कामासाठी एकदा परदेशातून एक इंजिनियर आला, तीन महिने राहिला, खालच्यांच्या डब्यातली नाचणीची भाकरी आणि सुकट खाऊन घामाघूम झाला आणि जाताना एक कॅसेट देऊन गेला. त्याच्या गावच्या वादकांनी, गावच्याच सभागृहात, गावच्याच जुन्या संगीतकाराच्या दोन सिंफनी वाजवल्या होत्या. त्याचं हे ध्वनिमुद्रण, इंजिनियरच्या भावाने केलेलं. सिंफनी म्हणजे तीस-चाळीस जणांनी मिळून अर्धा तास वाजवायचं आणि शेवटपर्यंत कुणीही गायचं नाही. कॅसेटच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. बाजारात ती कुठेच मिळत नव्हती, कारण बाजाराला तिची गरज नव्हती.

पाच वाजले की खालचे हातपाय धुऊन धुतलेला शर्ट घालत आणि गळ्यापर्यंत बटणं लावत. 'तिथं समोर बसलेले लोक काय बनियनवर आले असतील?' असा त्यांचा सवाल. मला पहिल्यांदा ऐकायला बोलावलं तेव्हा पहिला भाग संपून वाद्यं थांबली, आणि मी सुटकेच्या आनंदात टाळ्या वाजवून 'वा, फारच छान' म्हणत चपला शोधू लागलो. 'बसा भाऊ, संपला नाय अजून,' खालचे म्हणाले. दुसऱ्या भागानंतर मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यानंतर शहाणा होऊन गप्प राहिलो, आणि चौथ्यानंतर, टेपमधले लोकसुद्धा टाळ्या वाजवत होते तेव्हाही गप्पच राहिलो. 'आता वाजवा की,' ते म्हणाले. 'आताच काय हात दुखले?'

वाद्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. त्यांचं सगळं रसग्रहण बॉयलरवरचं. सगळी वाद्यं हळूहळू चढू लागली की ते पुढे सरकून बोट वर करत. 'प्रेशर धरतंय बघा. धरतंय... धरतंय... आता व्हॉल्व्ह उडंल.' आणि नगारे कडाडत. पण त्यांचा खरा जीव होता दुसऱ्या सिंफनीच्या संथ भागात. सगळं अगदी हलकं झालेलं असताना तिथे श्रोत्यांतला कुणीतरी खोकतो. 'आला,' खालचे समाधानाने म्हणत. 'धुरातला खोकला हाय हा, भाऊ. आपल्या लायनीतला माणूस. छाती भरल्ये, तरी घरी नाय बसला. आला ऐकायला.' टाळ्यांवरून सभागृहात फार तर साठ माणसं असावीत असा त्यांचा अंदाज होता, आणि स्वतःला ते एकसष्टावा मानत.

सिलिंडर घेऊन येणारा, मीटर बघायला येणारा, लग्नाची पत्रिका द्यायला येणारा, कुणीही निदान एक भाग ऐकल्याशिवाय सुटत नसे. एकदा निवडणुकीचे उमेदवार हात जोडून आले. मताच्या आशेने बिचारे खाली बसलेही, पण दुसरा भाग सुरू होताच घड्याळ बघून उठले. खालचे मला म्हणाले, 'बरं झालं. कुणाला द्यायचा नाय ते ठरला.'

मी एकदा खोडी काढायला म्हटलं, "त्याच काळात याच्यापेक्षा पुष्कळ मोठे होऊन गेले म्हणे."

"असतील. त्यांना ऐकायला जग हाय. ह्याला इथनं पोलादपूरपर्यंत मी एकटा. मी नाय बसलो तर तो वाजवून करंल काय?"

त्या एकटेपणाला थोडा आधार म्हणून मीही अधूनमधून बसू लागलो. डोळे मिटून बसायची सोय असल्यामुळे मला हे संगीत आवडू लागलं होतं. खालचे चारचौघांत अभिमानाने सांगत, 'भाऊ डोळे मिटून ऐकतात.' ही कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतो, असंही मी त्यांना दोन वर्षं सांगत होतो. माझ्या भाच्याकडे त्याची वायर आहे. वायर अजून आहे.

गेल्या पावसाळ्यात खालचे वाडीत भावाकडे गेले आणि वाटेत दरड आल्यामुळे तिकडेच अडकले. महाडात पाणी भरणार असं दिसलं की भोंगा वाजतो आणि तळमजल्यावरची बिऱ्हाडं सामान घेऊन वर चढतात. वरच्यांनी दार उघडं ठेवायचं आणि चहा टाकायचा, ही इथली रीत. ते तिकडे असतानाच एका सकाळी भोंगा झाला, पाठोपाठ त्यांचा फोन. "भाऊ, किल्ली तुमच्याकडं हाय. कॅसेट तेवढी उचला. बाकीचा जाऊ दे, बाकीचा परत घेता येतो."

मी म्हटलं, "निर्धास्त राहा." माझी बायको म्हणते, मी हे ज्याला म्हणतो त्याने ताबडतोब काळजीला लागावं.

घोट्याएवढ्या पाण्यातून मी त्यांच्या खोलीत शिरलो. टेपशेजारी कॅसेटचं कव्हर होतं, त्यावर इंजिनियरच्या अक्षरातली ती परकी नावं. ते छातीशी धरून मी वर आलो, तीन पिशव्यांत गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि तांदळाच्या डब्यात मधोमध पुरलं. बायको म्हणाली, "गाद्या आणायच्या होत्या त्यांच्या." मी म्हटलं, "तुला कलेतलं काही कळत नाही." दुपारी पाणी त्यांच्या खिडकीपर्यंत चढलं. दोन दिवस मी फोनवर सांगत होतो, "सुखरूप आहे. देवासारखी ठेवलीय."

तिसऱ्या दिवशी खालचे आले ते घरातल्या गाळाकडे न बघता थेट वर. मी समारंभपूर्वक डब्यात हात घातला. त्यांनी सुतळी सोडली. एक पिशवी, दुसरी, तिसरी. कव्हर उघडलं. आत काही नव्हतं. वाडीत जायच्या आदल्या संध्याकाळी ऐकलेली कॅसेट टेपमध्येच होती. रिकामं कव्हर हाताला हलकं लागतं, हे कुणालाही कळतं. मला कळलं नव्हतं.

"मीच काढून ठेवायला पायजे होती," एवढंच ते म्हणाले. त्यापेक्षा ते कव्हर त्यांनी माझ्या टाळक्यात घातलं असतं तर मला जेवण गेलं असतं.

नंतर चार दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. गाळाने भरलेला टेप उघडला, कॅसेटचे बारीक स्क्रू काढले, फीत बादलीत धुतली आणि आमच्या गॅलरीतल्या दोरीवर शेवयांसारखी वाळत घातली. संध्याकाळी मी ती गोळा करायला पुढे झालो. "तुम्ही नका हात लावू, भाऊ," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मला लागेल असं ते एवढंच बोलले. फीत पुन्हा गुंडाळून, उसन्या टेपात घालून लावली. नुसती खरखर. दोन्ही बाजू शेवटपर्यंत त्यांनी ती खरखर ऐकली.

मग मी अपराध धुऊन काढायला भाच्याला कामाला लावलं. इंटरनेटवर त्याच सिंफनी सापडल्या, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या वादकांनी वाजवलेल्या, अगदी स्वच्छ. मी मोबाईल घेऊन विजयी वीरासारखा खाली गेलो. त्यांनी तो कानाशी धरून सगळं ऐकलं, एकदा नव्हे, माझ्या आग्रहाखातर चार संध्याकाळी. "वाजवलाय चांगला," शेवटी म्हणाले. "पण समोर कोण बसलेलं नाय, भाऊ. आणि घाई हाय त्यांना." मोबाईल परत दिला. त्यानंतर पाच वाजता खालून काही ऐकू येईनासं झालं.

यंदा पुन्हा भोंगा झाला, दुपारच्या वेळी. या खेपेला त्यांच्या गाद्या मी सकाळीच वर आणून ठेवल्या होत्या. खालचे मोकळ्या हातांनी जिना चढून आले. बायकोने विचारलं, "अजून काही आणायचंय का?"

"काय नाय, वहिनी. आता उचलण्यासारखा काय हाय?"

चहा झाला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "भाऊ, एक विचारू? दुसऱ्या बाजूचा तो संथ भाग. त्याचा आरंभ सापडत नाय मला. आठवायला गेलो की तुमच्या मोबाईलातला वाजतो डोक्यात. तो बसलाय तिथं, आणि आपला निघून गेला. तुम्ही ऐकलाय की. डोळे मिटून ऐकायचात. कसा होता आपला?"

तो भाग त्या सभागृहातल्या माणसांसकट पुन्हा पुन्हा ऐकलेले आपल्या मुलखात आम्ही दोघेच. मी डोळे मिटले. खरोखर मिटले, जीव गोळा करून. मला आठवला तो त्यांच्या पंख्याचा आवाज, चहातलं आलं आणि आमच्या गळक्या पत्र्याची चिंता, जी मी त्या भागाच्या वेळी नेमाने करत असे. वाद्य एकही आठवलं नाही.

खालच्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना समजलं. "राहू दे," ते हळूच म्हणाले. "येईल कधीतरी. पाणी कुठवर आलं बघा जरा. चढत नसंल तर जातो मी खाली."

मी खिडकीशी गेलो. पाणी ओसरायला लागलं होतं. रस्त्याची पलीकडची कड दिसत होती.

"चढतंय," मी म्हणालो. "तुम्ही बसा."