कोर्टाच्या दारावरची नोटीस

व्हर्ना टिप्टन आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, क्लार्क; मतदान आणि सरकारी कागद सगळे तिच्याकडे, आणि मी तिच्या हाताखालची. बाई इतकी काटेकोर, की तिच्याबरोबर काम करणं म्हणजे सुळावरची पोळी. घाबरट मात्र ती कधीच नव्हती. यंदाच्या वसंतात मी तिला पहिल्यांदा घाबरलेली पाहिली.

गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. मालक कुंपण घालत नाही आणि पोरं उन्हाळाभर तिथंच उड्या मारतात. गेल्या जुलैत नॉर्मा हेंड्रिक्सचा थोरला तिथं बुडाला. मग काउंटीनं ठरवलं, कर्जरोखे विकून ती जमीन घ्यायची, खाण बुजवायची आणि वर बाग करायची. मतदान झालं, लोकांनी कर्जाला होकार दिला.

पण अशा मतदानाआधी तीन आठवडे कोर्टाच्या दारावर नोटीस लागते. पेपरात छापली तरी दारावर हवीच. व्हर्नानं ती स्वतःच्या हातानं लावली होती. त्याच दाराला रंग द्या म्हणून वर्षभर वरच्यांचं डोकंही तिनंच खाल्लं होतं. रंगारी नेमका त्याच दिवसांत उगवला. आमचं ऑफिस कोर्टातच, पण आम्ही दोघी मागच्या दारानं ये-जा करणाऱ्या, आम्हाला पत्ताच नाही. मतदानानंतर एकदा हॉटेलात आमच्याशेजारी जेवताना तो अभिमानानं म्हणाला, की रंग वाळेपर्यंत तुमचा कागद मी गाडीत जपून ठेवला होता. व्हर्नाचा घास तोंडातच राहिला.

आता रोखे विकण्याआधी तिला शपथेवर सही करायची होती, की नोटीस सगळे दिवस दारावर होती. आदल्या दिवशी तिनं तो कागद चारदा पुढे ओढला आणि चारदा मागे सारला.

मी म्हटलं, "सही कर आणि मोकळी हो. त्या दाराकडे कुत्रंसुद्धा बघत नाही."

"आणि उद्या कुणी कोर्टात गेलं तर? खोटी शपथ म्हणून मी तुरुंगात जाईन, ते जाऊ दे. कर्ज रद्द झालं की खाण बुजवायचं काम अर्धवट पडेल गं, ते कायमचंच."

"आणि नाही केलीस तर मतदान पुन्हा नोव्हेंबरात. मधल्या उन्हाळ्याचं काय?"

तिनं पेनाला टोपण लावलं आणि कागद खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं काउंटीच्या वकिलाला खरं ते सांगितलं. रोखे थांबले. गावानं तिला फाडून खाल्लं, आणि नॉर्मा तिला रस्त्यात पाहून वाट बदलू लागली.

उन्हाळा आलाच. आता ऑफिस सुटलं, की व्हर्ना खाणीच्या काठावर घडीची खुर्ची टाकून बसते. पायाशी दोराचं वेटोळं असतं. पोरं चिडवतात, "मिस व्हर्ना, या की पाण्यात, नुसत्या काय बसताय!" ती हसत नाही. पाण्यावरची डोकी मोजते, मोजून झाली की पुन्हा मोजते.

तिला पोहता येत नाही, हे त्या पोरांना ठाऊक नाही.