अनसिंगच्या शिंप्याचं घर

“नाव काय त्यांचं?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

बाई मान खाली घालून बसून राहिल्या. अनसिंगहून सकाळच्या मोटारीनं आल्या होत्या. घर गहाण आहे, सावकारानं वाशीमच्या कोर्टात दावा लावलाय, हे सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. नवऱ्याचं नाव मात्र घेईनात. त्या काळी बायका घेत नसत, हे मलाही ठाऊक होतं. पण नावावाचून फाइल काढायची कशी? सनद मिळून चारच वर्षं झाली होती आणि त्या वयात वकिलाला स्वतःच्या वेळेची किंमत जरा जास्तच वाटते.

“बरं, करतात काय?”

“शिंपी हायेत. बाजाराच्या दिवशी पाराजवळ मशीन मांडतात.”

मी पेन खाली ठेवलं. अनसिंगचे रामकिसनजी शिंपी चार दिवसांपूर्वी याच बाकावर बसून गेले होते.

बायको अकोल्याच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती, तेव्हा त्यांनी घर गहाण टाकलं होतं. दावा लागला, पहिली डिक्री झाली. आता ही डिक्री म्हणजे घर गेलं, असं लोक समजतात. तसं नसतं. पहिली डिक्री फक्त मुदत देते. शेवटची डिक्री होईपर्यंत सगळी रक्कम कोर्टात भरली, की घर सुटतं. थोडं कमी पडत असेल तर सबळ कारण दाखवून मुदत वाढवून मागता येते. हे मी रामकिसनजींना समजावलं, तर ते म्हणाले, “मले घर नाही पाह्यजे, वकीलसाहेब. ताबा घ्याले बेलीफ कोण्या दिवशी येईन, तेवढं सांगा. तिले आधीच माहेरी धाडतो. माह्या दुखण्यापायी घर गेलं, असं तिच्या मनाले लागन.”

“दागिने असतील ना घरात?”

“तिच्या अंगावरच्या डागाले मी हात लावत नाही.” विषय संपला.

आणि आता ह्या बाई रुमालाची गाठ सोडून गळ्यातली एकदाणी आणि हातातल्या पाटल्या माझ्या टेबलावर ठेवत होत्या.

“हे मोडा अन् घर सोडवा. पण त्यायले सांगू नोका. मले काहीच ठाऊक नाही, असं समजून राह्यले ते. नोटीस पेटीत दडवली होती. मी मास्तरीणबाईकडून वाचून घेतली. दोन महिन्यापासून एकच भाकर खातात.”

माझी पंचाईत झाली. एका अशिलाचं गुपित वकिलाला दुसऱ्याला सांगता येत नाही. सांगितलं नाही, तर अर्जावर रामकिसनजींची सही कशी घ्यायची? मुदतीचे तर नऊच दिवस उरले होते.

“दागिने घेऊन जा. शनिवारी दहा वाजता या,” मी म्हणालो. रामकिसनजींना पोस्टकार्ड टाकलं : शनिवारी दहा वाजता यावे, जरुरीचे आहे.

शनिवारी ते दारात आले आणि बाकावर बायकोला पाहून तिथंच थबकले.

“तू काहून आली?”

“तुमी काहून आले?”

“वकीलसाहेब, हे बरं नाही केलं तुमी.” मग ते बायकोकडे वळले. “तू घरी चाल. मी घर सोडलं म्हणजे सोडलं.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. “मले दवाखान्यातून जित्ती आणली, ते कायले? तुमाले दुसऱ्याच्या ओसरीत भाकर खाताना पाह्याले? दागिने मले परत घेता येतीन. तुमी असे झुरून गेले, तर मी कोणाले मागू?”

रामकिसनजींनी टोपी काढून तोंडावर धरली. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. मी उगीच दौत शोधत बसलो. मग त्यांनीच हात पुढे केला. “कुठं सही कराची?”

दागिने मोडून बरीचशी रक्कम उभी राहिली. उरलेल्यासाठी मी महिन्याची मुदत मागितली. सावकाराचे वकील पुष्कळ बोलले, पण मुन्सफसाहेबांनी मुदत दिली आणि ती सरायच्या आत रामकिसनजींनी बाकी भरली. गहाणखत कोर्टातून सुटून आलं. मी ते त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी मानेनंच बायकोकडे खूण केली.

तेव्हापासून घराच्या दाव्यात अशील एकटा आला, की कागद बघण्याआधी मी विचारतो, “घरी माहीत आहे का?” सगळे नाही म्हणतात. बहुतेकांच्या घरी माहीत असतं.