बँडवाले दाजी

आमच्या दाजींइतका चिकित्सक कान देवानं दुसऱ्या कुणाला दिला असेल असं मला वाटत नाही, आणि दिला असेलच तर त्या माणसाच्या बायकोबद्दल मला सहानुभूती आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झाले आणि वडूजला घर बांधून राहिले. त्या घरात मिक्सर आणायचा तर दुकानदाराला दुकानातले सगळे मिक्सर चालू करून दाखवावे लागले. दाजींच्या मते त्यातला एकच सुरात होता. देवळातली घंटा, शेजाऱ्याची मोटरसायकल, एवढंच काय, अक्काचं खोकणंसुद्धा त्यांना जरा उतरलेलं वाटे. कवठे महांकाळला आमच्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी भर चौकात वरात थांबवली आणि सगळ्या बँडला पुन्हा सूर जुळवायला लावलं. घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागला, वर बसलेला नवरदेव रडकुंडीला आला, मुलीचा बाप हातापाया पडू लागला. दाजी शांतपणे म्हणाले, "आवं, लगीन जरा उशिरा लागलं तर काय बिघडत न्हाई. बेसूर वरात जल्मभर ध्येनात ऱ्हाती."

असा माणूस गुडघे धरल्यावर घरात बसला आणि मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळाला लागला. "आता हेच बघायचं ऱ्हायलं हुतं," म्हणून अक्कानं कपाळाला हात लावला. खेळात त्यांचे दोन जोडीदार होते, जालन्याची एक नर्स आणि नागपूरचा एक रिक्षावाला. दोघांनाही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खेळता खेळता फोनवरून जे बोलणं होई तेवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर दाजींनी रिक्षावाल्याला हॉर्न वाजवून दाखवायला लावलं आणि तो बदलून घ्यायचा सल्ला दिला. पण खरी गंमत अशी की, या खेळात दाजी गोळीच झाडत नसत. बंदूक मिळाली की टाकून देत. जोडीदाराला गोळी लागून तो पडला की थोडा वेळ तो जमिनीवर सरपटतो. तेवढ्यात कुणी जवळ जाऊन बटण दाबलं तर पुन्हा उठतो. दाजी तेवढंच करत. "हलू नगा, आलो!" असं ओरडत उघड्या माळावरून धावत सुटत आणि बहुतेक वेळा स्वतःच मरत. त्यामुळे त्यांचा गट सहसा जिंकत नसे. तरी ते दोघं दाजींशिवाय खेळत नसत.

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "दाजी, फौजी माणूस तुम्ही. एक तरी गोळी झाडा की."

त्यांनी कानातला इअरफोन काढला. "लढाई लागली की बँडवाल्यानं वाद्य खाली ठिवायचं आन् स्ट्रेचर उचलायचं, ठावं हाय का तुला? एकाला डोंगरावरनं खाली आणला आमी. शिराळ्याकडचा हुता. वाटंत लय बोलत हुता. खाली पोचायच्या आत गप झाला." मग फोनकडं बघत म्हणाले, "ह्यात बटण दाबलं की उठतंय बग." आणि इअरफोन पुन्हा कानात घातला.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून चाले. क्लॅरिनेट फुंकायचा प्रश्नच उरला नाही. घरी आल्यावर त्यांनी खेळ उघडला, तेव्हा मी तिथंच होतो. नर्स पडली. "दाजी, आहात का?" ती विचारत राहिली. दाजी धावत होते, पण तिला ते कळायचं कसं? उत्तर येईना म्हणून ती खेळ सोडून गेली. दाजींनी फोन गादीवर आपटला आणि भिंतीकडं तोंड केलं.

रिक्षावाल्यानं तिला परत बोलावलं, तसा दाजींनीही फोन पुन्हा उचलला. थोड्या वेळानं ती पुन्हा पडली, तशी पिठाच्या हातांनी अक्काच स्वयंपाकघरातून आली आणि फोनवर वाकून ओरडली, "बाई, हलू नगासा! ते येत्यात!"

त्या दिवसापासून रोज दुपारी अक्का त्यांच्या शेजारी बसू लागली. दाजी कोपरानं ढोसत, अक्का बोले. कधी कधी दाजींनी न ढोसताही ती रिक्षावाल्याला झापायची, "लय फुडं पळताय तुमी!" मग दाजींचे खांदे हलत. ते हसत असावेत.

थंडीत दुखणं पुन्हा उलटलं आणि दाजी गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. सांगलीला परतायच्या आधी दुपारी मी बसलो होतो, तेव्हा अक्कानं आपण होऊन तो खेळ उघडला. पलीकडं दोघंही होती.

"दाजी, किती दिवस झाले! कुठं होता?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"ते न्हाईत आता," अक्का म्हणाली.

मग नर्सचा आवाज आला, "अक्का, जेवलात का?"

"न्हाई अजून."

"मग ताट घेऊन बसा. आम्ही आहोत इथंच."

अक्का उठली. सकाळची भाकरी आणि वाटीत आमटी घेऊन आली, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि समोर बसली. फोनमधून नागपूरच्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. अक्का एकेक घास सावकाश चावत होती.