पिस्ता रंगाचा तुकडा

माझ्या कपाटात, लग्नातल्या कोटाच्या आतल्या खिशात, बोटभर लांबीचा पत्र्याचा एक तुकडा आहे. एका बाजूला पिस्ता रंग, दुसऱ्या बाजूला खिळ्याने कोरलेला गाडीचा नंबर. तो मी चोरलेला आहे, हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आजवर कोणालाच सांगितलं नाही. ज्याचा चोरला तो दत्ताराम गेला, त्याला आता पाच आठवडे झाले.

फोन खालच्या वाण्याकडे आला. गॅरेजमधला जुना सोबती बोलत होता, "वसंता, दत्ता गेला रे. ड्युटीवर, खुर्चीत बसल्या जागी." मी विचारलं, "कुठला दत्ता?" आयुष्यात मला दत्ता एकच. तरी विचारलं. रिसीव्हर ठेवल्यावर वाणी काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. सेहेचाळीस म्हणजे काय जायचं वय झालं?

घाटकोपरला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात आम्ही अकरा वर्षं एकत्र होतो. ठोकलेल्या गाड्या यायच्या. पत्रा सरळ झाला की दत्ताने रंग बनवायचा आणि मी स्प्रे गन मारायची, अशी वाटणी होती. नव्या डब्यातला रंग जुन्या गाडीला कधीच जुळत नाही. उन्हाने गाडीचा रंग उतरलेला असतो, आणि चारी बाजूंनी सारखाही उतरत नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला दत्ताचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी दारात कशी उभी करता? ऊन कुठल्या बाजूक लागता?" लोक हसायचे. गाडी ठोकली पुढून आणि हा घराची दिशा विचारतोय! मग तो शेजारचा पत्रा पॉलिशने घासून मळाखालचा रंग वर काढायचा, डब्यात थेंब थेंब काळा, पिवळा सोडत राहायचा, पत्र्याच्या तुकड्यावर लावून सुकवायचा आणि भर उन्हात गाडीला टेकवून बघायचा. जोड दिसेनाशी झाली की मागे नंबर कोरून तुकडा तारेत ओवायचा. मी कधी घाई केली की ओरडायचा, "मेल्या, ट्यूबलायटीत रंग बघूचो नसता! सुकू दे, उद्या सूर्याक विचार." मालवण सोडून वीस वर्षं झाली तरी बोली तशीच होती. नव्याने रंगीत टीव्ही आले तेव्हा त्याच्या चाळीतले लोक बटण फिरवून त्याला हाक मारायचे, "दत्ताभाऊ, माणसाच्या तोंडाचा रंग बरोबर आहे का बघा." आणि तो खरोखर जाऊन, मान तिरकी करून सांगायचा.

मग ती डॉक्टरांची पिस्ता गाडी आली. डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे नवे. दत्ताला रंग जुळवायला दीड दिवस लागला. दुपारी खूश होऊन म्हणाला, "झकास जुळलो. तू निवांत मार," आणि मुलीच्या शाळेत काम होतं म्हणून लवकर गेला. संध्याकाळी कॉम्प्रेसरची नळी ओढताना माझा पाय अडकला आणि डबा आडवा झाला. सगळा रंग मातीत. डॉक्टर सकाळी गाडी न्यायला येणार होते. दत्ताची वाट बघायला हवी होती, एवढं मला कळत होतं. पण शेठ अगोदरच माझ्यावर चिडलेला होता, आणि अकरा वर्षं शेजारी उभा राहून बघतोय, आपल्याला जमणार नाही का, असंही वाटलं... ट्यूबलाइटखाली मी रंग बनवला, दत्ताच्या तुकड्याशी ताडून बघितला, दिसायला अगदी तोच. दोन्ही दरवाज्यांवर गन मारून घरी गेलो.

सकाळी गाडी उन्हात आली. दरवाजे निळसर दिसत होते. दत्ताचा तुकडा बाजूच्या जुन्या पत्र्याला लावला, तर जोड कुठे ते कळेना. गेटवर दत्ताचा आवाज आला आणि मी तुकडा खिशात टाकला. विचार करून नाही, हातानेच टाकला. पण काढला नाही, हा मात्र विचार होता.

डॉक्टर म्हणाले, "हे दरवाजे दुसऱ्या गाडीचे लावलेत का?" शेठ सगळ्यांसमोर ओरडला, "दत्ता, चष्मा लाव आता!" सगळे हसले. दत्ता गाडीजवळ गेला, लांब गेला, सावलीतून बघितलं, पुन्हा उन्हातून. तारेत तुकडा शोधला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वसंता, माझ्या डोळ्यांक काय झाला रे?"

तेवढा एकच क्षण होता.

मी म्हणालो, "चाळिशी लागली रे. होतं असं."

त्यानंतर त्याने रंग बनवला नाही. शेठने सांगितलं, मीही मानभावीपणाने सांगितलं, "एका गाडीचं काय घेऊन बसलास यार." तो काही महिने नुसता पत्रा घासत राहिला आणि मग कांजूरमार्गला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. वर्षातून एकदा गणपतीला भेटायचो. टीव्हीच्या रंगाचं विचारलं तर म्हणायचा, "माका नको विचारू."

दहाव्याला त्याच्या घरी गेलो. सुलभावहिनींनी चहा दिला. भिंतीवर फोटोशेजारी ती तुकड्यांची तार टांगलेली होती, सगळे रंग ओळीने. गॅरेज सोडताना एवढंच बरोबर आणलं होतं त्याने. वहिनी सहज बोलत होत्या. गेल्या वर्षी मंडळाची मुलं नेत्रदानाचे फॉर्म घेऊन चाळीत आली होती, सगळ्यांनी भरले. "ह्यांनी नाही भरला. म्हणाले, माझे खराब आहेत गं, दुसऱ्याक कशाक फसवू? मी म्हटलं, अहो, तपासून तरी घ्या. तर म्हणाले, तपासलेले आसत."

तपासणारा मीच होतो. कप माझ्या हातात तसाच राहिला. साय धरली त्यावर. एका वाक्याने मी त्याचं काम घेतलं, एवढंच मी सहा वर्षं समजत होतो. "भावोजी, बरं वाटत नाही का?" त्यांनी विचारलं. मी "उकडतंय" म्हणालो आणि उठलो. म्हणजे पुन्हा खोटंच.

परत आल्यावर कोटातून तुकडा काढून गॅलरीतल्या उन्हात धरला. रंग जराही उतरलेला नाही, कारण इतकी वर्षं तो अंधारात होता. वहिनी पेपर वाचत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून इथे लिहिणं सोपं गेलं. त्या तारेत हा तुकडा स्वतः नेऊन ओवणं आणि दत्ताचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, रंग मी चुकवला होता, हे वहिनींना समोर बसून सांगणं, एवढं मी अजून देणं लागतो.